क्वाडचं इंजिन ऑइल पितंय की गळतंय? पाना उचलायच्या आधी हे वाचा

सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला, किंवा गाडी लावलेल्या जागी सकाळी काळा डाग दिसला, की नवीन माणसाच्या डोक्यात पहिला विचार येतो तो इंजिन उघडायचा. मी पण तेच केलं होतं. माझ्या पहिल्या क्वाडला, म्हणजे चार चाकी एटीव्हीला, धूर यायला लागला म्हणून सरळ ब्लॉक (सिलेंडरचा भाग) उतरवला, नवीन पिस्टन, नवीन रिंगा, सगळं बसवलं, दोन आठवडे गाडी एकदम मस्त चालली आणि तिसऱ्या आठवड्यात परत तोच निळा धूर. शोधल्यावर कळलं की एअर फिल्टरच्या डब्यातून कार्बोरेटरकडे जाणारा रबरी पाइप खालच्या बाजूने फाटला होता, वरून दिसतच नव्हता, आणि मी एकदाही खाली वाकून हात फिरवून बघितला नव्हता. म्हणजे सगळी बारीक माती थेट नव्या रिंगांवर. तेव्हापासून माझा नियम एकच आहे, ऑइल कुठे जातंय आणि का जातंय हे दोन्ही कळल्याशिवाय एकही बोल्ट सोडायचा नाही.

खाली जे सांगतोय ते एक सिलेंडरवाल्या फोर स्ट्रोक एटीव्हीसाठी आहे, छोट्या 110 सीसीपासून 400-500 सीसीपर्यंत सगळ्यांचं दुखणं साधारण सारखंच असतं. टू स्ट्रोक असेल तर ती ऑइल जाळणारच, तिचं कामच तसं आहे, फक्त एक लक्षात ठेवा, टू स्ट्रोकमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल कमी होतंय आणि बाहेर कुठेच गळत नाहीये तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलंय, ते ऑइल आत ओढलं जाऊन जळतंय. बाकी टू स्ट्रोकचा विषय इथेच सोडतो.

आधी लेव्हल, आणि ती नीट

हसू नका, पण धूर मारणाऱ्या बऱ्याच गाड्यांमध्ये फक्त ऑइल जास्त भरलेलं असतं. गाडी सपाट जागेवर उभी करा, दोन-चार मिनिटं चालू ठेवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग डिपस्टिक बघा. आता इथे गंमत आहे, काही गाड्यांत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून लेव्हल बघायची असते आणि काहींत पूर्ण फिरवून, आणि या दोन्हीत लेव्हलचा चांगलाच फरक पडतो. मॅन्युअलमध्ये एक ओळ असते, ती शोधा. काही स्पोर्ट क्वाड ड्राय संपवाल्या असतात, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत राहतं. त्यांच्यात गाडी बराच वेळ उभी राहिली की टाकीतलं ऑइल हळूहळू खाली क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या डब्यात) उतरतं, मग सकाळी थंड इंजिनला डिपस्टिक कोरडी दिसते, माणूस घाबरून अर्धा लिटर ओततो आणि गाडी चालू केली की ते जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपमधून) एअर बॉक्समध्ये, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यात, आणि तिथून सायलेन्सरमधून धूर होऊन बाहेर. अशा गाडीची लेव्हल इंजिन गरम करून बंद केल्यावर लगेच बघायची असते.

डिपस्टिक काढली की वास पण घ्या. पेट्रोलचा वास येतोय, ऑइल पाण्यासारखं पातळ झालंय आणि लेव्हल आपोआप वाढलीये, तर कार्बोरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) नीट बसत नाहीये आणि पेट्रोल उतरून क्रँककेसमध्ये चाललंय. ती गाडी अजिबात चालवू नका, पातळ ऑइलने बेअरिंग आणि कॅम दोन्ही खराब होतात. आधी नीडल बदला, मग ऑइल. आणि ऑइल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं झालं असेल तर आत पाणी गेलंय, ओढ्यातून गाडी घातली असेल तर ब्रीदरमधून किंवा डिपस्टिकच्या ओ रिंगमधून, आणि वॉटर कूल्ड असेल तर हेडचं पॅकिंग किंवा वॉटर पंपाचं सील. ओढ्याचं पाणी असेल तर दुधाळपणा जाईपर्यंत दोन-तीन वेळा ऑइल बदलावं लागतं, एकदा बदलून भागत नाही.

ग्रेडबद्दल एवढंच की बऱ्याच क्वाडमध्ये क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यामुळे डब्यावर जासो (JASO, जपानी मानक) एमए किंवा एमए2 लिहिलेलं ऑइल घ्या. कारचं घर्षण कमी करणारं ऑइल टाकलं की क्लच घसरायला लागतो आणि मग माणूस क्लच प्लेटा बदलत बसतो. आणि धूर कमी करायला जाड ऑइल टाकणं किंवा बाटलीतलं गळतीबंद औषध ओतणं, हे मी तरी करत नाही. चार दिवस बरं वाटतं, रोग तसाच राहतो.

धूर कधी येतो ते बघा

रंग आधी. निळसर आणि जळक्या ऑइलच्या वासाचा म्हणजे ऑइल. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, त्याचा इथे संबंध नाही. दाट पांढरा आणि गरम झाल्यावरही न थांबणारा म्हणजे पाणी किंवा कूलंट. थंड सकाळी सुरुवातीला थोडी वाफ येते ती सोडून द्या.

मग वेळ बघा, कारण खरी माहिती वेळेतच असते. रात्रभर उभी राहिलेली गाडी चालू केली, एक मोठा निळा ढग आला आणि मिनिटाभरात साफ झाला, तर बहुतेक व्हॉल्व्ह सील, रात्रभर ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून थेंब थेंब खाली उतरून बसलेलं असतं. लांब उतारावर थ्रॉटल सोडून आलात आणि खाली येऊन परत थ्रॉटल दिला की धूर, तरी पण पहिला संशय सीलवर आणि गाईडवर (व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो ती), कारण थ्रॉटल बंद असताना इनटेकमध्ये व्हॅक्यूम जोरात असतो आणि तो गाईडमधून ऑइल खेचतो. चढावर, लोडवर, थ्रॉटल पिळला की पिळला तेवढा धूर, आणि सोबत ब्रीदर पाइपमधून भकभक हवा, तर रिंगा आणि बोअर (सिलेंडरची आतली भिंत). हे सगळे अंदाज आहेत बरं का, कोर्टाचा निकाल नाही, जुन्या इंजिनात दोन्ही एकत्र गेलेलं पण असतं.

गाडी उलटली होती का ते पण आठवा. क्वाड कुशीवर पडली की ऑइल एअर बॉक्समध्ये आणि सिलेंडरमध्ये जातं, मग उभी करून चालू केली की दहा मिनिटं धूरच धूर, आणि तो आपोआप जातो. फक्त एक, उलटलेली गाडी लगेच सेल्फ मारून चालू करू नका. आधी प्लग काढा, किक किंवा सेल्फने इंजिन फिरवून आत साठलेलं ऑइल बाहेर उडू द्या, तोंड लांब ठेवा, मग प्लग लावा. पिस्टनच्या वर ऑइल साठलेलं असताना जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

प्लग काढलाच आहे तर बघून घ्या. ओला, चकचकीत काळा आणि बोटाला चिकट म्हणजे ऑइल. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल.

ब्रीदर, ज्याच्याकडे कोणी बघत नाही

पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्या खालची हवा कुठेतरी जायला पाहिजे, ती ब्रीदर पाइपमधून जाते. तो पाइप चिखलाने, वाळक्या गवताने बुजला किंवा कुठे टाकीखाली चेंगरला की क्रँककेसमध्ये प्रेशर तयार होतं, आणि प्रेशरला वाट पाहिजे असते, मग ते सगळ्यात कमजोर सील शोधून तिथून ऑइल बाहेर फेकतं, वरून रिंगांच्या बाजूनेही ऑइल वर ढकलतं. एका मित्राच्या गाडीचं क्लच कव्हरचं पॅकिंग तीनदा बदललं होतं, तीनदा गळलं. शेवटी ब्रीदर पाइप काढून एका टोकाने फुंकर मारली तर हवाच जाईना. तार घातली तर आतून कोरड्या मातीचा गोळा निघाला, कुंभारमाशीचं घर. पाइप साफ केला आणि तेच तिसरं पॅकिंग, जे आम्ही खराब म्हणत होतो, ते गळायचं थांबलं.

म्हणून दोन्ही टोकं सोडा, फुंकर मारून बघा, पाइप मऊ पडून आतल्या आत चिकटतोय का ते दाबून बघा. एअर बॉक्सच्या तळाला एक छोटी नळी असते तिच्यात ऑइल आणि पाणी साठतं, ती पण रिकामी करा. तिथे थोडंसं ऑइल चालतं, पण ती नळी दर राइडला भरत असेल तर एकतर लेव्हल जास्त आहे नाहीतर रिंगांमधून गॅस खाली येतोय.

एअर फिल्टरचं माझं रडगाणं वर गाऊन झालंय. फक्त तपासायची पद्धत सांगतो. फिल्टर काढा, कार्बोरेटरकडे जाणाऱ्या पाइपाच्या आत, म्हणजे फिल्टरच्या पुढच्या स्वच्छ बाजूला, पांढरं फडकं बोटाला गुंडाळून फिरवा. फडक्यावर माती आली तर माती इंजिनात जातेय, संपला विषय. मग फिल्टरचा फोम फाटलाय का, कड नीट बसतेय का, फोमला फिल्टर ऑइल लावलंय का, क्लॅम्प घट्ट आहेत का, रबराला तडा आहे का, हे सगळं बघायचं. कोरडा फोम बारीक धूळ अडवत नाही. हे दुरुस्त केल्याशिवाय नवीन रिंगा टाकणं म्हणजे मी केलं तेच.

गळती शोधायची तर आधी गाडी धुवा

मातीने माखलेल्या इंजिनावर गळती शोधता येत नाही. थंड इंजिनाला डिग्रीझर मारा, ब्रशने घासा, साध्या नळाच्या पाण्याने धुवा. हाय प्रेशरचा पाइप सीलवर, ब्रीदरवर, वायरिंगच्या कनेक्टरवर धरू नका, पाणी आत ढकललं जातं. पूर्ण वाळू द्या. मग संशयाच्या जागांवर अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर भुरभुरा, दहा मिनिटं गाडी फिरवून आणा आणि टॉर्च घेऊन बसा. पांढऱ्या पावडरवर ऑइलची ओली रेघ लगेच दिसते.

रेघ दिसली की जिथे थेंब पडतोय तिकडे बघू नका, वर बघा. ऑइल खाली आणि वाऱ्याने मागे पळतं, त्यामुळे ओल्या भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची, तिथून सुरुवात झालेली असते. इंजिनाच्या तळाला थेंब लटकतोय म्हणून ड्रेन बोल्ट आवळत बसलेले लोक मी बघितलेत, आणि ऑइल येत होतं वरून टॅपेटच्या झाकणातून, फिन्सवरून फिरत फिरत.

नेहमीच्या जागा सांगतो. टॅपेटची झाकणं आणि हेड कव्हर, त्यांच्या ओ रिंगा उष्णतेने कडक होऊन चपट्या होतात. टायमिंग चेनच्या टेन्शनरचं छोटं पॅकिंग. ब्लॉकच्या खालचं पॅकिंग. मॅग्नेट कव्हरमधून वायर बाहेर येते तिथलं रबर, हे लोक हमखास विसरतात. ऑइल फिल्टरच्या झाकणाची ओ रिंग. गिअर शाफ्टचं सील आणि पुढच्या स्प्रॉकेटच्या मागचं सील. इथे एक फसवणूक असते, चेनला मारलेला स्प्रे स्प्रॉकेटभोवती उडून काळा चिकट थर बसतो आणि तो गळतीसारखाच दिसतो, म्हणून आधी पुसा, मग ठरवा. वॉटर कूल्ड गाडीत वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, त्यातून ऑइल आलं तर ऑइल सील गेलंय, कूलंट आलं तर पाण्याचं सील गेलंय, ते भोक त्यासाठीच ठेवलेलं असतं, एम सील लावून बुजवू नका. बेल्टवाल्या गाडीत बेल्टच्या डब्यात ऑइल दिसलं तर त्या बाजूचं सील गेलंय, आणि बेल्ट ऑइलने भिजला की घसरणार.

गळती बंद करताना

ड्रेन बोल्टपासून सुरू करू कारण तिथेच नवीन लोक सगळ्यात जास्त नुकसान करतात. गळतंय म्हणून आवळायचं, अजून गळतंय म्हणून अजून आवळायचं, आणि मग कट्ट करून आटे जातात. क्रँककेस अॅल्युमिनियमची असते, बोल्ट लोखंडाचा, कोण हरणार हे ठरलेलंच आहे. वॉशर चेपला जाणारा असतो, तो दर वेळी नवीन टाका आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच थांबा. आटे गेलेच तर हेलीकॉइल (नवीन आट्यांची तारेची गुंडाळी) बसवून घ्या, एम सील आणि टेफ्लॉन टेप हे उपाय नाहीत.

कव्हरचं पॅकिंग बदलताना ऑइल काढून घ्या, कव्हरचे बोल्ट आडवे-तिरपे थोडे थोडे सोडा. आणि बोल्ट काढताना एक काम करा, पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार पेनने काढा आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात टोचून ठेवा. सगळे बोल्ट सारखे दिसतात पण लांबी वेगळी असते, लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकून केस फोडतो आणि आखूड बोल्ट लांब भोकात दोन आट्यांवर लटकतो आणि टॉर्क देताना ते दोन आटे घेऊन बाहेर येतो. पुठ्ठ्याला खर्च काही नाही.

कव्हर निघत नसेल तर रबरी हातोडीने हलकं ठोका, सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, एक ओरखडा पडला की तिथून कायमची गळती. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या किंवा पितळी पट्टीने खरवडा, त्याआधी भिजवून मऊ केलं तर बरं. भोकांमध्ये चिंध्या कोंबा म्हणजे कचरा आत जाणार नाही, आणि चिंध्या किती कोंबल्या ते मोजून ठेवा, गंमत नाही. कव्हर वाकलंय का बघायला जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर एकदा हलकं घासा, जिथे चमक येत नाही तिथे खड्डा आहे. कव्हर बरोबर जागी बसवणारे छोटे पोकळ डॉवेल दोन्ही आहेत ना ते बघा, ते जुन्या कव्हरला चिकटून जातात नाहीतर ऑइलच्या ट्रेमध्ये पडतात.

कागदी पॅकिंग नवीन असेल तर सिलिकॉन लावायची गरज बहुतेक वेळा नसते. मॅन्युअल सांगतंय तिथेच, आणि अगदी पातळ. बाहेर जेवढं सिलिकॉन दाबून आलेलं दिसतं तेवढंच आत पण आलेलं असतं, ते तुकडे सुटतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. हा प्रकार गळतीपेक्षा वाईट. छोट्या कव्हरचे एम6 बोल्ट साधारण 10 न्यूटन मीटरला घट्ट होतात, म्हणजे छोट्या पान्याने मनगटाचा जोर, खांद्याचा नाही, आणि परत आडवे-तिरपे, दोन-तीन फेऱ्यांत.

ऑइल सील बदलणं सोपं आहे पण घाईने करायचं नाही. सीलवर तीन आकडे छापलेले असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, तेवढे जुळले पाहिजेत. जुनं सील उचकटताना शाफ्टला आणि भोकाच्या भिंतीला ओरखडा जाता कामा नये. नवीन सीलच्या ओठाला ग्रीस लावा, शाफ्टच्या दातऱ्यांवर पातळ टेप गुंडाळा नाहीतर दातरे ओठ कापतात, स्प्रिंगची बाजू ऑइलकडे, आणि सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या सॉकेटने सरळ आत बसवा. तिरकं गेलं तर काढा, तसंच ठोकू नका. शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर सील जरा वेगळ्या खोलीवर बसवून ओठ कोऱ्या जागी येईल असं बघा. आणि सगळ्यात आधी शाफ्ट हाताने वर खाली हलवून बघा, बेअरिंगमध्ये खेळ असेल तर कितीही सील बदला, गळणारच.

आता धूर, पण उघडायच्या आधी दोन टेस्ट

कॉम्प्रेशन टेस्ट: इंजिन गरम करा, प्लग काढा, इग्निशन बंद करा किंवा प्लगची वायर नीट अर्थ करा, गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा आणि सुई थांबेपर्यंत फिरवा. थ्रॉटल बंद ठेवून केलेली टेस्ट म्हणजे वेळ फुकट. आकडा मॅन्युअलशी जुळवा, इंटरनेटवरच्या कुठल्यातरी दुसऱ्या गाडीशी नाही, कारण बऱ्याच गाड्यांच्या कॅमवर डीकॉम्प्रेसर (चालू करताना व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवून दाब कमी करणारा भाग) असतो, त्यामुळे चांगल्या इंजिनाचा आकडा पण कमी दिसतो. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून एक चमचा, म्हणजे 5 मिली ऑइल आत सोडा, दोन-तीनदा फिरवा, परत टेस्ट. आकडा चांगला वर गेला तर रिंगा, जसाच्या तसा राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग.

आता इथे बरेच लोक चुकतात. कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणजे रिंगा चांगल्या, असं नाही. कॉम्प्रेशन धरतात वरच्या दोन रिंगा, ऑइल खरवडते खालची तिसरी, आणि तिसरी कार्बनने जाम झाली असेल तर गेजवर आकडा उत्तम आणि मागे निळा धूर. म्हणून आकडा चांगला आणि धूर पण आहे तर व्हॉल्व्ह सील आणि ऑइल रिंग, दोन्ही संशयित.

कॉम्प्रेसर असेल तर लीकडाउन टेस्ट त्याहून बरी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी बरोबर वर आणा, प्लगच्या भोकातून हवा द्या आणि कान लावा. कार्बोरेटरमधून फुस्स, तर इनटेक व्हॉल्व्ह. सायलेन्सरमधून, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ऑइल भरायच्या भोकातून, तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे, तर हेडचं पॅकिंग. गाडी गिअरमध्ये असेल तर हवेच्या जोराने पुढे उडी मारू शकते, न्यूट्रलला ठेवा आणि क्रँकवर पाना लावलेला असेल तर तो आधी काढा, तो गरगर फिरून हाताला लागतो.

हेड आणि ब्लॉक

पेट्रोल बंद, बॅटरी काढलेली, गाडी धुतलेली. फ्लायव्हीलवरची टी खूण आणि कॅम स्प्रॉकेटची खूण जुळवा, मोबाइलवर फोटो काढा, दोन-तीन कोनांतून. टेन्शनर आधी काढायचा, मग स्प्रॉकेट, आणि टायमिंग चेन तारेने वर बांधून ठेवायची नाहीतर ती खाली पडते आणि मग मासे पकडल्यासारखं हुक घालून काढत बसावं लागतं. हेडचे नट आडवे-तिरपे, तीन-चार फेऱ्यांत ढिले करा. ब्लॉक उचलताना पिस्टनखाली लगेच फडकं कोंबा, कारण गजन पिनची (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनची) सर्क्लिप, म्हणजे तारेची छोटी कडी, उडते आणि ती थेट क्रँककेसमध्येच जाते, दुसरीकडे कुठे जायचं तिला माहीतच नसतं.

बोअर उजेडाकडे धरून बघा. तिरप्या जाळीच्या रेघा दिसतात का? उभे ओरखडे आहेत का, नख अडकतं का? वर जिथे रिंग थांबते तिथे पायरी झालीये का? मग एक रिंग बोअरमध्ये घाला, पिस्टन उलटा करून तिला सरळ खाली ढकला आणि तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. ढोबळ हिशोब म्हणजे बोअरच्या दर 25 मिमीला 0.1 मिमी, म्हणजे 75 मिमी बोअरला 0.3 च्या आसपास नवीन रिंग, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा. बोअर गोल राहिलाय का, वर खाली सारखा आहे का, हे घरी नीट मोजता येत नाही, ब्लॉक मशीन शॉपमध्ये द्या. लोखंडी स्लीव्ह असेल तर रीबोअर करून 0.25 किंवा 0.50 मोठा पिस्टन बसतो, आणि पिस्टन आधी आणायचा, त्याच्या मापाने बोअर करायचा. निकासिलचा (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कडक) थर असलेला बोअर मात्र साधा रीबोअर होत नाही, त्याला परत थर द्यावा लागतो किंवा ब्लॉकच बदलावा लागतो. झिजलेल्या, अंडाकृती बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकून काही होत नाही.

होनिंग (बोअर दगडाने घासून जाळीच्या रेघा पाडणं) करून ब्लॉक हातात आला की तो धुवा. पेट्रोलने नाही, गरम पाणी, भांडी घासायचं साबण आणि ब्रश. पेट्रोल ऑइल काढतं पण होनिंगची बारीक कणी रेघांमध्येच राहते, ती साबणानेच निघते. धुतलात की पांढऱ्या फडक्याला ऑइल लावून आतून पुसा. पहिल्यांदा फडकं राखाडी होईल, आणि तुम्हाला वाटेल अरे मी तर धुतलं होतं. परत धुवा. माझं तिसऱ्या-चौथ्या वेळी फडकं पांढरं निघतं. मग लगेच ऑइलचा हात फिरवा, कोरडा लोखंडी बोअर बघता बघता गंजतो.

रिंगांवर अक्षर किंवा ठिपका असतो, ती बाजू वर. तोंडं, म्हणजे टोकांमधल्या फटी, एका ओळीत ठेवू नका, वरच्या दोन आणि ऑइल रिंगच्या मधल्या स्प्रिंगचं तोंड 120 अंशांवर फिरवा, ऑइल रिंगच्या दोन पातळ पट्ट्यांची तोंडं त्या स्प्रिंगच्या तोंडापासून बाजूला ठेवा, आणि स्प्रिंगची टोकं एकमेकांवर चढली नाहीत ना ते नक्की बघा, धूर परत यायचं हे एक लपलेलं कारण आहे. पिस्टनवर आयएन लिहिलं असेल तर ती बाजू इनटेककडे, बाण असेल तर बहुतेक एक्झॉस्टकडे. सर्क्लिप नवीनच, आणि तिचं तोंड पिस्टनच्या खाचेसमोर येऊ देऊ नका.

हेड टेबलावर आहेच तर व्हॉल्व्ह सील बदलून टाका, छोटी वस्तू आहे, त्यासाठी परत हेड उतरवणं मूर्खपणा. व्हॉल्व्ह थोडा उचलून बाजूला हलवून बघा, टकटक खेळ लागला तर गाईड गेलंय, मग नुसतं सील फार दिवस टिकणार नाही, ते मशीन शॉपचं काम. पोर्टमध्ये रॉकेल ओतून ठेवा, ज्वलनाच्या बाजूने पाझरलं तर व्हॉल्व्ह बसत नाहीये. टायटॅनियमचे व्हॉल्व्ह असतील तर ते पेस्ट लावून घासू नका, वरचा थर जातो.

बांधायचं आणि चालू करायचं

बांधणी म्हणजे उलटा क्रम, सगळीकडे ऑइलचा हात, हेडचे नट टॉर्क रेंचने टप्प्याटप्प्यात. खुणा जुळवा, टेन्शनर मागे दाबूनच बसवा, मग सेल्फ न मारता पान्याने इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा परत बघा. मध्ये कुठे कडक अडलं तर थांबा, जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला लागतोय. टॅपेटचा गॅप थंड इंजिनावर सेट करा. नवीन ऑइल भरून प्लग न लावता थोडं फिरवा म्हणजे ऑइल वरपर्यंत पोचेल.

पहिलं स्टार्ट मोकळ्या हवेत, बंद खोलीत नाही. थोडा वेळ धूर येणारच, बांधताना लावलेलं ऑइल आणि सायलेन्सरमध्ये साठलेलं जुनं ऑइल जळतं, घाबरून परत उघडू नका. गरम होऊ द्या, बंद करून पूर्ण थंड करा, परत. मग चालवा, आयडलला ताटकळत ठेवू नका, थ्रॉटल कमी-जास्त करत, मध्यम लोडवर, कारण रिंगा बोअरशी जुळतात त्या त्यांच्यामागे गॅसचा दाब आला की. पहिल्या एक-दोन तासांनी ऑइल बदला. त्यात बारीक चमचम दिसेल, ती असते, पण तुकडे दिसले तर नाही चालणार. जुनं ऑइल डब्यात साठवून ते घेणाऱ्याकडे द्या, मातीत ओतू नका.

आणि सीटखाली एक छोटी वही ठेवा. मीटरचे तास, डिपस्टिकवर लेव्हल कुठे होती, किती मिली टाकलं, एवढंच लिहायचं. माझ्या वहीत दुसऱ्या बांधणीनंतर पहिल्या दहा तासांत 40 मिली, पुढच्या दहा तासांत काही नाही, असं आहे, आणि त्याच्या खाली मोठ्या अक्षरात, एअर पाइप खालून बघितला.